संयम कात्रीने मिळतो का?



आज एका चुकीच्या कबुलीने सुरुवात करतो. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी प्रभूला अरण्यात झालेल्या मोहांचे शुभवर्तमान वाचले जाते. दगडांच्या भाकरी करण्याचा मोह त्यात पहिला. तो धागा पकडून गेल्या उपवासकाळात मी सात प्रमुख पापांपैकी खादाडपणावर प्रवचन केले. प्रवचन रंगावे म्हणून मध्येच सुटलेल्या पोटावर एक विनोद केला. तुम्ही हसलात. मलाही बरे वाटले, कारण लोक हसले की धर्मगुरूला वाटते, आज जमले.

मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी ऑफिसात आल्या. (हे पापनिवेदनातले बोलणे नाही. त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांनी स्वतः वाचून पसंत केल्यावरच हे छापत आहे. त्या कोण, याचा शोध कृपया घेऊ नये. दादर हे तसे लहान गाव आहे.) चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तोवर चाळीस किलोंहून अधिक वजन उतरले होते. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या, गुडघे दुखायचे थांबले होते. माझ्या विनोदाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले ते असे :

"फादर, सगळे म्हणतात छान झालं. पण मला परीक्षेत कॉपी करून पास झाल्यासारखं वाटतं. जे उपासानं, प्रार्थनेनं, मनाच्या जोरावर करायला हवं होतं, ते मी कात्रीनं करून घेतलं. हे पाप आहे का?"

मी म्हणालो, "नाही हो, यात कसलं पाप?" एक मिनिटही लागले नाही. त्या आभार मानून गेल्या. उत्तर बरोबर होते, पण त्यांचे समाधान झालेले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. माझेही झाले नाही. त्यानंतर आम्ही तीन-चार वेळा बोललो. त्यातून जे काही हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही, असे मला दिसून आले.

आधी हे ऑपरेशन काय असते ते समजून घेऊ. पुष्कळांना वाटते की पोटावरची चरबी काढून टाकतात. तसे नाही. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला अगदी छोटी पिशवी तयार करून ती पुढे लहान आतड्याला जोडतात. सुरुवातीला फक्त पाणी आणि पातळ पदार्थ, तेही घोटाघोटाने. मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी आपण खातो ते साधे अन्न. पण किती? चार-पाच चमचे. जेवताना पाणी प्यायचे नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबायचे. पानात आधी अंडे, मासा, डाळ, पनीर असे पदार्थ संपवायचे, भात-पोळीला जागा उरली तर उरली. प्रत्येक घास चावून चावून पाणी करायचा. एक घास जास्त झाला की छातीत कळ येते, उलटी होते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बऱ्याच जणांचे केस झुपक्याने गळतात. ते पुन्हा येतात, पण त्या वेळी आरशासमोर उभे राहणाऱ्या बाईला ते कोणी कितीही सांगितले तरी पटत नाही. सैल झालेली कातडी लोंबते. ती बहुधा आपोआप जागेवर येत नाही.

ज्यांना ही पळवाट वाटते त्यांनी एवढे वाचून पुन्हा विचार करावा.

आपल्या शहरात या शस्त्रक्रियेचे नाव घराघरात पोहोचले ते २०१७ साली. त्या वर्षी ११ फेब्रुवारीला इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून इमान अहमद नावाची ३६ वर्षांची स्त्री मालवाहू विमानाने मुंबईत आली. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिला पलंगासकट क्रेनने वर चढवले. ती चित्रे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. ७ मार्चला डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने तिच्यावर शस्त्रक्रिया केली. पुढे रोज वर्तमानपत्रांत एकच गोष्ट : आज किती किलो उतरले. एप्रिलमध्ये तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला, तोही मुख्यतः वजनाच्या आकड्यावरून. त्या वादात मी शिरत नाही. ४ मे रोजी तिला अबुधाबीला हलवले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिथे ती वारली. मधल्या काळात डॉक्टरांनी तिची जनुकीय तपासणी केली होती, तेव्हा भुकेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचवण्याशी संबंध असलेल्या एका जनुकात दोष सापडला होता. म्हणजे आपण पुरेसे जेवलो आहोत हे तिच्या शरीराला कळण्याची व्यवस्थाच जन्मापासून नीट नव्हती. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली ती स्त्री आपल्या गावात तीन महिने राहिली, आणि आपण सारे शहरभर तिचे वजन करत बसलो. तिच्यासाठी मिस्साचा हेतू ठेवल्याचे मला कोणाकडून ऐकायला मिळाले नाही. मीही ठेवला नव्हता.

त्याच फेब्रुवारीत महापालिकेच्या निवडणुका झाल्या. एका प्रसिद्ध लेखिकेने एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून बंदोबस्ताची चेष्टा केली. तो माणूस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला निघाला. वजन खाण्यामुळे नव्हे तर आजारामुळे वाढले आहे, असे त्याने सांगितले. पुढे मुंबईतच त्याच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली. त्या चेष्टेचा आपल्याला तेव्हा राग आला होता. मग गेल्या उपवासकाळात मी केला तो विनोद कोणत्या जातीचा होता?

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. त्यात खरे तर दोन प्रश्न आहेत.

पहिला सोपा आहे. जठर काही कुजलेले नसते. मग धडधाकट अवयव कापून टाकण्याचा आपल्याला अधिकार आहे का? शरीर देवाने दिलेले आहे, ते आपल्या मालकीची वस्तू नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच म्हटले होते की, अवयव हा सबंध शरीरासाठी असतो, म्हणून सबंध शरीराच्या भल्यासाठी त्याचा त्याग करता येतो. पण त्यांच्यासमोर उदाहरण होते सडलेल्या अवयवाचे. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी पोप पायस बारावे यांनी इटलीतील मूत्ररोगतज्ज्ञांसमोर बोलताना हा विचार पुढे नेला. अवयव स्वतः निरोगी असला तरी त्याचे काम चालू राहिल्याने सबंध शरीराला गंभीर अपाय होत असेल, तो टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल, आणि होणारा फायदा तोट्यापेक्षा मोठा असेल, तर तो काढता येतो. नीतिशास्त्राच्या दृष्टीने इथे प्रश्न मिटतो. अर्थात दुसरा मार्ग खरोखरच नाही का, हे डॉक्टरांनी नीट तपासायला हवे, आणि लग्नाच्या फोटोत बारीक दिसण्यासाठी हे करू नये, हेही त्यात आलेच.

दुसरा प्रश्न अवघड आहे. कॉपी केल्यासारखे वाटते, त्याचे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या प्राध्यापकांनी अॅरिस्टॉटलचा एक भेद समजावून सांगितला होता. तो दादरच्या भाषेत सांगतो. शुक्रवारची संध्याकाळ आहे. कीर्ती कॉलेजजवळ वडे तळले जात आहेत. दोन माणसे समोरून जातात. दोघांनीही आज तळलेले खायचे नाही असे ठरवले आहे. एकाच्या तोंडाला पाणी सुटते, पाय अडखळतात, तो दात-ओठ खाऊन पुढे जातो. दुसऱ्याला वास येतो, छान वाटतो, पण त्याचे मन तिकडे ओढ घेत नाही आणि तो सहज पुढे जातो. दोघांत श्रेष्ठ कोण? आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील, पहिला, कारण तो झगडला. अॅरिस्टॉटल आणि संत थॉमस म्हणतात, दुसरा. पहिल्यापाशी निग्रह आहे, दुसऱ्यापाशी संयम. निग्रहात माणूस स्वतःशी भांडत असतो. संयमात त्याची इच्छाच योग्य वळणाला लागलेली असते. सद्गुणाची किंमत त्यातल्या कष्टावर नाही, त्यातल्या चांगल्यावर ठरते, असे संत थॉमस यांचे स्पष्ट मत आहे.

आता तिसरी व्यक्ती घ्या, आपल्या ह्या भगिनी. जठराच्या कापून टाकलेल्या भागातून भूक चेतवणारे एक संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते. तो भाग गेला, भूक ओसरली. त्या वड्यांसमोरून सहज जातात. मग त्या संयमी म्हणायच्या का?

मी प्रामाणिकपणे म्हणेन, केवळ तेवढ्यावरून नाही. ताप आलेल्या माणसालाही वडा नको असतो, त्याला आपण संत म्हणत नाही. पण म्हणून त्यांनी कॉपी केली असेही होत नाही. त्यांनी मला सांगितले की, ऑपरेशनपूर्वीची पंचवीस वर्षे कोणीतरी कानाशी सतत ओरडत असल्यासारखी भूक असायची. तशा गोंगाटात त्यांनी बारा वेळा डाएट केले, तीन जिम लावले, माहीमच्या नोव्हेनाला नवस बोलल्या. दर वेळी वजन उतरले आणि दुपटीने परत आले. शस्त्रक्रियेने तो गोंगाट कमी केला. बस्स, एवढेच. त्या शांततेत आता काय करायचे ते त्यांनाच ठरवावे लागते, आणि ते त्यांचे स्वतःचे आहे.

शिवाय आपल्या धर्मशिकवणीत एक गोष्ट आहे जी आपण लहानपणापासून पश्चात्तापाच्या प्रार्थनेत म्हणत आलो आहोत : पापाचे प्रसंग टाळण्याचा निश्चय. दारू सोडलेला माणूस गुत्त्यावरून जाणारी वाट बदलतो. त्याला आपण भेकड म्हणत नाही, शहाणा म्हणतो. "समोरून जाऊन दाखव, तरच तू खरा," असे म्हणणारा त्याचा मित्र नव्हे. मला एकटीला हे जमत नाही, मदत हवी, असे म्हणून रुग्णालयाची पायरी चढणे यात विवेक आहे आणि नम्रताही आहे. २०२५ साली भूक कमी करणारी इंजेक्शनेही भारतात विक्रीला आली. त्यामुळे हा प्रश्न पुढच्या काही वर्षांत आपल्या अनेक घरांत येणार आहे, तेव्हा हे आताच नीट समजून घेतलेले बरे.

आणि खादाडपणा म्हणजे काय, हेही मी त्या प्रवचनात अर्धवटच सांगितले होते. संत ग्रेगरी महान यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस यांनी ते उचलले : वेळेआधी खाणे, उंची खाण्याचा हट्ट धरणे, फार खाणे, अधाशीपणे खाणे, आणि खाण्याच्या नखऱ्यांत गुंतून पडणे. यात वजनाचा उल्लेख कुठेही नाही. पापलेट कालचे आहे म्हणून ताट सरकवणारा, लग्नाहून आल्यावर आठ दिवस तिथल्या बिर्याणीला नावे ठेवणारा, केवळ पासष्ट किलोंचा सडपातळ माणूसही या यादीत बसतो. उलट स्वतः संत थॉमस अंगाने चांगलेच आडवे होते, असे परंपरा सांगते. अबोल आणि धिप्पाड म्हणून विद्यार्थीदशेत सोबती त्यांना 'मुका बैल' म्हणत. प्रत्यक्ष प्रभूलाही लोकांनी खादाड आणि दारुडा म्हटले होते, हे शुभवर्तमानात नोंदलेले आहे. बाहेरून पाहून हे पाप ओळखता येत नाही.

मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ऐकू येते ते काय? "आम्ही रोज पहाटे पाच फेऱ्या मारतो, गोड सोडलं, भात सोडला, आणि ह्या चार दिवस ऍडमिट होऊन आमच्यापेक्षा बारीक." हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आठवा. दिवसभर उन्हात राबलेल्यांनी कुरकुर केली ती मजुरी कमी मिळाली म्हणून नव्हे. ठरलेली मजुरी त्यांना पूर्ण मिळाली होती. शेवटच्या तासाला आलेल्यालाही तेवढीच मिळाली, हे त्यांना सलले. फेऱ्या मारणाऱ्यांना त्यांचे आरोग्य मिळाले आहे. दुसऱ्याला मिळाले तर त्यांचे काय गेले?

एवढे सगळे मी त्या भगिनींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "फादर, पोट लहान झालं, पण संध्याकाळचे सात वाजले की जे व्हायचं ते अजून होतंच."

त्यांची आई वारल्यापासून त्या घरी एकट्या असतात. संध्याकाळी कामावरून आल्या की खिडकीशी बसून फरसाणाची पिशवी संपवायची, ही अनेक वर्षांची सवय. आता पिशवी संपत नाही. चार दाणे खाल्ले की पोट भरते. पण हात जातो. पोटाला नको असते आणि तरी काहीतरी हवे असते. आइस्क्रीमसारखे पातळ गोड मात्र सहज खाली उतरते, हेही त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांना भीती वाटू लागली. ती भीती खोटी नाही. दीड-दोन वर्षांनी भूक थोडी परतते आणि काहींचे वजन पुन्हा चढते. काही जण अन्नाची जागा दारूने भरून काढतात. बायपासनंतर आणि काही प्रमाणात इतर शस्त्रक्रियांनंतरही दारू अंगात लवकर चढते, म्हणून डॉक्टर त्याबद्दल आधीच बजावतात. वजन उतरूनही काहींना नैराश्य येते. इतकी वर्षे सगळ्या दुःखांचा दोष वजनावर टाकलेला असतो. वजन जाते, आणि दुःखे तिथेच बसलेली दिसतात.

मी तयार उत्तर देणार होतो. ते तुम्हालाही ठाऊक आहे : ही भूक खरे म्हणजे देवाची भूक आहे, संत ऑगस्टीन वगैरे. मी सुरुवातही केली. त्यांनी मध्येच थांबवले. "फादर, रागावू नका. पण त्या वेळी मला देव नको असतो. कोणीतरी बोलायला हवं असतं."

मी गप्प बसलो. नंतर संदेष्टा एलिया आठवला. जीव नकोसा होऊन तो अरण्यात झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. हात लावून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाचा आवाज त्याला पुढे होरेब डोंगरावर ऐकू आला, चाळीस दिवसांनी. आधी कोणीतरी जवळ येऊन हात लावला. सातची भूक देवाची असेलही. पण तिचे उत्तर देव पुष्कळदा शेजाऱ्याच्या हातून पाठवतो, आणि शेजारी त्या वेळी मालिका बघत असतो.

आजारपणानंतरच्या काळाविषयी आपल्याकडे एक मोठे उदाहरण आहे. मे १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इनिगो नावाच्या सरदाराचा पाय मोडला. हाड नीट जुळले नाही, पुन्हा मोडून बसवले. तरी गुडघ्याखाली उंचवटा राहिला. घट्ट बूट घातल्यावर तो वाईट दिसेल म्हणून, केवळ दिसण्यासाठी, त्याने वर आलेले हाड करवतीने कापून घेतले. तेव्हा भूल नव्हती. हेतू निव्वळ दिखाऊपणाचा! पण लोयोलाच्या घरी खाटेवर पडून असताना वेळ जाईना. शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या तर त्या घरात नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे तेवढी हाती आली. पुढचे आपण जाणतो. संत इग्नेशियस आयुष्यभर लंगडतच चालले, बूट काही शोभले नाहीत. शस्त्रक्रियेचे कारण काय होते, यापेक्षा नंतरच्या त्या रिकाम्या महिन्यांत काय घडले, याने त्यांचे आयुष्य बदलले.

याच संतांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात जेवणाविषयी आठ नियम दिले आहेत. सेमिनरीत असताना मला ते कोरडे वाटायचे. घाईने खाऊ नये, मन सगळे खाण्यात बुडू देऊ नये, प्रभू शिष्यांसोबत कसा जेवत असेल ते डोळ्यांपुढे आणावे. आणि एक फार व्यवहारी नियम : पुढच्या जेवणात किती खायचे ते भूक नसताना, आधीचे जेवण झाल्यावरच ठरवून टाकावे. त्या भगिनींना हे वाचून दाखवले तर त्या हसल्या. "आमच्या डाएटिशियन बाई अगदी हेच सांगतात. रुग्णालयात तर याची फी घेतली." भूक ओरडत नसताना ठरवायचे. शस्त्रक्रियेने मिळालेली शांतता वापरायची ती अशी. तसे ठरवत ठरवत, अनेक महिन्यांनी, कदाचित वर्षांनी, खरा संयम येतो. त्याला कात्री लागत नाही, पण कात्रीने त्याला जागा करून दिली, हे मान्य करायला काय हरकत आहे?

आता आपल्या सर्वांविषयी. आपल्या घरांत आग्रह हा प्रेमाचा दाखला समजला जातो. "एक फुगा तरी घ्या", "सोरपोतेल मुद्दाम तुमच्यासाठी केलंय", "एवढंसं काय, चिमणीचा घास!" ज्याचे जठर केळ्याएवढे उरले आहे त्याला तो चिमणीचा घास स्नानगृहात जाऊन काढून टाकावा लागतो, आणि बाहेर येऊन हसावे लागते. या भगिनींनी म्हणून लग्नांना जाणे सोडले. मयताच्या घरी जेवणाच्या वेळेआधी निघतात. आपल्या पिढीला आणखी एक शिकवण आहे : पानात टाकायचे नाही. ती चांगली शिकवण आहे, भुकेल्यांची आठवण ठेवायला लावणारी. पण त्यांच्या आईने लहानपणी शिकवलेली ती गोष्ट आता त्यांना रोज मोडावी लागते, आणि उरलेला भात टाकताना आजही अपराधी वाटते. त्यांना मी म्हणालो, आधीच कमी वाढून घ्या, आणि तरी उरले तर टाका. तुमचे पोट ही अन्नाची नासाडी वाचवण्याची कोठी नाही.

आणखी एक. भराभर बारीक होणारा माणूस दिसला की आपल्याकडे कुजबुज सुरू होते : "काही मोठं दुखणं तर नाही ना?" कोणी सरळ विचारतो, "किती किलो?" जवळचे असाल तर तब्येत विचारा. आकडा विचारू नका.

मार्कच्या शुभवर्तमानात याइराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभू मृत्यूतून उठवतो. सगळे थक्क होऊन उभे असतात. तेव्हा प्रभू घरच्यांना सांगतो, तिला काहीतरी खायला द्या. चमत्कार झाल्यावरचे काम घरच्यांवर सोपवलेले आहे. किती द्या, कसे द्या, हे त्याने सांगितले नाही. ते त्यांनी तिच्याकडे बघून ठरवायचे होते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण यातही माझी चूक झाली आहे. ऑपरेशननंतर पातळ आहारावर असताना या भगिनी दर रविवारी मिस्साला येत होत्या, पण ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे येत नव्हत्या. घन पदार्थ चालत नाही म्हणून मागच्या बाकावर बसून राहत. मी वेदीवरून पाहिले नाही. त्यांना कोणी सांगितलेही नाही की अगदी लहान कणही पुरेसा असतो, आणि त्या कणात ख्रिस्त संपूर्ण असतो, अर्धा किंवा पाव नसतो. ज्यांना तोही गिळता येत नाही त्यांना फक्त प्याल्यातून ख्रिस्तरक्त घेता येते, तशी तरतूद ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर द्राक्षारसाचा थेंबही चालेल का, हे आधी डॉक्टरांना विचारावे. पाणी किंवा औषध घेतल्याने ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीचा एक तासाचा उपवास मोडत नाही. घोटाघोटाने पाणी पिणाऱ्यांनी बाटली चर्चमध्ये आणावी, लपवू नये.

राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार यांचा उपवास अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत बंधनकारक आहे, पण आजाऱ्यांना तो लागू नाही. त्या भगिनींनी विचारले, "मग मी उपवासकाळात करू काय?" मी म्हणालो, तुमचे रोजचे जेवण आमच्या उपवासाच्या जेवणाहून कमी आहे. तुमचा उपवास म्हणजे गोळ्या न चुकवणे, आणि डाएटिशियनने सांगितलेले अंडे कंटाळा आला तरी खाणे. त्यांना ते फार पटलेले दिसले नाही. पुढच्या वर्षी पाहू.

सातच्या प्रश्नाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. त्यांच्या समूहातील दोघी जणी आता आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांच्याबरोबर दादर चौपाटीपर्यंत चालत जातात. उरलेल्या चार संध्याकाळी त्या अजून खिडकीशीच असतात.

ज्यांना ख्रिस्तशरीराचा लहान कण हवा असेल त्यांनी मिस्सापूर्वी सॅक्रिस्टीत नुसते सांगावे, कारण सांगायची गरज नाही. आपल्या वार्षिक सणाच्या जेवणात यंदा छोट्या बशाही ठेवायला मी पॅरिश कौन्सिलला सांगितले आहे. त्या वेगळ्या टेबलावर नसतील, मोठ्या ताटांच्या शेजारीच असतील. कोणीही घ्याव्यात.

प्रभूमध्ये तुमचा,
फादर